देव्हाऱ्यापासून दारापर्यंत

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

'अध्यात्म' हा शब्द उच्चारताच आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे दोन चित्रे उभी राहतात. एक, हिमालयातील गुहेत डोळे मिटून बसलेला जटाधारी साधू; आणि दुसरे, सेवानिवृत्तीनंतर गॅलरीत माळ ओढीत बसलेले आजोबा. या दोन्ही चित्रांत एक गोष्ट समान आहे. दोघांनाही शेजारी कोण राहतो याच्याशी काही कर्तव्य नाही. अध्यात्म म्हणजे संसारातून सुटका आणि समाजकल्याण म्हणजे सरकारचे किंवा पुढाऱ्यांचे काम, अशी कामाची वाटणी आपण परस्पर करून टाकली आहे.

कँटीनमध्ये या विषयावर वाद झाला की दोन पक्ष पडतात. बुद्धिवादी मित्र म्हणतात, धर्म हेच भांडणाचे मूळ. तो जितका कमी तितका समाज सुखी. भाविक मित्र म्हणतात, माणसे देवाला भिऊन वागली की समाजाचे आपोआप भले होते. मला ही दोन्ही विधाने अर्धी वाटतात. सायंकाळी दिवा लावणे, पाच वेळची नमाज, रविवारची प्रार्थना, विहारातील वंदना, गुरुद्वारात डोके टेकवणे, या रोजच्या साध्या आचरणाचा समाजाच्या स्वास्थ्याशी संबंध निश्चित आहे. परंतु तो संबंध आपोआप जुळत नाही, जुळवावा लागतो. आणि तो जुळला की नाही याची परीक्षा देव्हाऱ्यापाशी होत नाही. ती होते घराच्या दारापाशी, म्हणजे कोणी परका माणूस येऊन दार ठोठावतो तेव्हा. प्रस्तुत लेखात मला एवढेच मांडावयाचे आहे.

'स्वास्थ्य' हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. १९४८ साली जागतिक आरोग्य संघटनेची घटना अमलात आली, तेव्हा तिने आरोग्याची व्याख्या केवळ रोगाचा अभाव अशी केली नाही. शरीर, मन आणि सामाजिक जीवन या तिन्हींची सुस्थिती म्हणजे आरोग्य, असे तिने मानले. पुढे १९८४ साली याच संघटनेच्या महासभेने आरोग्याला एक आध्यात्मिक बाजूही असते हे ठरावाने मान्य केले. समाजशास्त्राच्या तासाला आपण ज्याचे नाव ऐकतो त्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमने तर १८९७ सालीच आत्महत्येवरील आपल्या ग्रंथात दाखवून दिले होते की, धर्म माणसाला सावरतो तो मुख्यतः त्यातील सिद्धांतांमुळे नव्हे, तर तो माणसाला माणसांशी बांधून ठेवतो म्हणून. जेथे ही वीण घट्ट तेथे माणूस एकटा पडत नाही. हे वाचल्यावर मला आपल्याकडची भजनी मंडळे आठवली. मृदंगाच्या नादाने कोणाला मोक्ष मिळाला की नाही हे सांगता येणार नाही. पण गुरुवारी अमुक म्हातारा भजनाला आला नाही म्हणून चौकशीला जाणारी चार माणसे त्या नादानेच जोडलेली असतात, हे खरे आहे.

मात्र येथेच एक प्रश्न उभा राहतो. वीण घट्ट असते ती आतल्या माणसांसाठी. जो त्या विणीच्या बाहेर आहे त्याचे काय? समाजात जर पाच धर्मांचे आणि पन्नास जातींचे लोक राहत असतील, तर प्रत्येकाने आपापली वीण घट्ट करण्याने संपूर्ण वस्त्र तयार होते, की निरनिराळ्या चिंध्या?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. ज्या कर्वेनगरात आपल्यातील अनेक विद्यार्थी खोल्या घेऊन राहतात, त्याच्या मातीतच ते उत्तर आहे. कर्वेनगर म्हणजे पूर्वीचे हिंगणे बुद्रुक. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. पुढे शहरात प्लेगने थैमान घातले आणि १९०० साली हा आश्रम हिंगण्याच्या माळावर, रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या जागेत, एका झोपडीत आला. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे आणि पायी चालत हिंगण्यास यायचे, असा अण्णांचा क्रम होता. आज ज्या रस्त्यावर आपण बस मिळत नाही म्हणून कुरकुरतो, त्याच दिशेची ही वाट, त्या काळी चिखलाची आणि काट्याकुट्यांची.

पण मला अधिक महत्त्वाची वाटते ती त्यांनी १९०८ साली स्थापन केलेली एक निराळी संस्था. तिचे नाव 'निष्काम कर्ममठ'. नाव पाहा! 'मठ' हा शब्द धर्माच्या कोठारातला आणि 'निष्काम कर्म' हा गीतेच्या शिकवणुकीतला. या मठाचे सेवक शपथ घेत, आपले आयुष्य संस्थेला वाहत, मिळेल त्या वेतनात समाधान मानीत. पण या मठातील साधना कोणती? तर विधवांच्या आणि मुलींच्या शिक्षणाची. हिशेब लिहिणे, वर्गणी गोळा करणे, मुलींना शिकविणे, त्यांच्या राहण्याजेवण्याची व्यवस्था पाहणे, हाच तेथील जप आणि हेच तेथील तप. शब्द परंपरेतून घ्यावयाचा आणि त्यात नवा अर्थ भरावयाचा, ही किमया अण्णांनी केली. रोजच्या कष्टाला साधनेची प्रतिष्ठा दिली की त्या कष्टातून समाजाचे केवढे काम होते, याचे हे घरचे उदाहरण होय. मठानंतर आठच वर्षांनी, १९१६ साली, महिला विद्यापीठ उभे राहिले.

या कथेचा दुसरा धागा तर याहूनही बोलका आहे. १८९३ साली कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि त्याबद्दल मुरूड गावाने त्यांना बहिष्कृत केले. गोदूबाई म्हणजे पुढच्या आनंदीबाई, बाया कर्वे. त्या कोठे शिकत होत्या? पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात. आणि रमाबाई कोण? संस्कृत विद्येने कलकत्त्याच्या पंडितांकडून 'सरस्वती' ही पदवी मिळवलेल्या आणि १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या विदुषी. अमेरिकेतील स्नेह्यांच्या मदतीवर १८८९ साली मुंबईत सुरू झालेले हे सदन पुढे पुण्यात आले. १८९३ सालीच या सदनावर धर्मांतराच्या आरोपावरून मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादाचा निवाडा करणे हा माझा अधिकार नव्हे. मला दिसते ते एवढेच की, एका ख्रिस्ती स्त्रीने उघडलेल्या दारातून एक हिंदू विधवा आत गेली, शिकली, आणि पुढे हिंगण्याच्या कार्यात अण्णांच्या पाठीशी उभी राहिली. म्हणजे आज मुलींच्या शिक्षणाचे माहेर म्हणून मिरवणाऱ्या या उपनगराच्या पायात दोन धर्मांतील करुणेचा चिरा आहे. माझ्यासारखी, जिच्या घरात यापूर्वी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही अशी मुलगी, आज ग्रंथालयात बसून हा लेख लिहू शकते, त्यामागे ही दोन्ही दारे आहेत. ती उघडणाऱ्यांची श्रद्धा निराळी होती. दार उघडण्याची कृती मात्र एकच होती.

महाराष्ट्रातील भक्तीच्या परंपरेतही ही दोन्ही टोके स्पष्ट दिसतात. दरवर्षी आषाढीसाठी तुकोबांची पालखी देहूहून निघते तेव्हा तिचा पहिला विसावा असतो अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी, आणि तेथे आरती होते. श्रीगोंद्याचे शेख महंमद हे जन्माने मुसलमान आणि वारकऱ्यांना वंदनीय; 'योगसंग्राम' हा त्यांचा मराठी ग्रंथ. पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात, तुकोबांची नाना पेठेत आणि माउलींची भवानी पेठेत, तेव्हा त्या दोन दिवसांत शहराचा स्वभावच बदलून जातो. कोणी वारकऱ्यांचे पाय चेपून देतो, कोणी फाटलेली चप्पल शिवून देतो, कोणी दाढी करून देतो, कोणी चहाचे पातेले घेऊन उभा राहतो. त्यांत निरनिराळ्या धर्मांचे लोक असतात आणि कोणी कोणास आडनाव विचारीत नाही. वयाने लहान असो की मोठा, वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. समतेचे याहून सोपे शिक्षण कोणत्या पाठ्यपुस्तकात आहे?

परंतु याच परंपरेत चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर, पायरीपाशी राहिली, हेही विसरता येत नाही. ज्या विठोबाचे गुणगान करीत शतकानुशतके माणसे चालत आली, त्याच्या मंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्या भक्तांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. म्हणजे रोज हरिपाठ म्हणणारी माणसे होती, एकादशी करणारी माणसे होती, वारी न चुकवणारी माणसे होती. आणि तरीही दार बंद होते! भाविक मित्रांच्या 'आपोआप' या शब्दाला इतिहासाने दिलेले हे उत्तर आहे. आचरण होते, पण ते दारापर्यंत पोहोचले नव्हते.

ज्यांनी ते पोहोचवले त्यांची नावे आपण जयंतीपुरती घेतो. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे प्रार्थना समाजाच्या उपासनेतून आले, ऑक्सफर्डला जाऊन त्यांनी निरनिराळ्या धर्मांचा तौलनिक अभ्यास केला आणि परत येऊन १९०६ साली अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले. अभ्यास धर्माचा आणि काम वस्तीतले! गाडगे महाराजांनी तर कीर्तनाच्या आधी हातात खराटा घेतला. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावाच्या डोक्यातील घाण कीर्तनातून झाडायची. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. यात्रेकरूंचे निवासस्थान विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावे, हा त्यांचा विचार त्यांच्या निरक्षरतेला लाजवणारा नव्हता. आपल्या साक्षरतेला लाजवणारा होता.

बाबासाहेबांनी पुण्याजवळ देहूरोड येथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्धा अँड हिज धम्मा' या ग्रंथात त्यांनी जो मुद्दा मांडला आहे, तो या संपूर्ण चर्चेचा गाभा आहे असे मला वाटते. त्यांच्या मते माणूस जर एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही. दोन माणसांचा संबंध आला की धम्माची गरज निर्माण होते. म्हणजे धम्म हा माणूस आणि देव यांच्यामधला व्यवहार नसून माणूस आणि माणूस यांच्यामधला आहे. ही कसोटी लावली तर गुहेतला साधू आपोआप बाजूला होतो आणि शेजारचे दार समोर येते.

अन्य धर्मांतही अशी दारे आहेत. इस्लामने जकात हे ऐच्छिक दान न ठेवता कर्तव्य केले; साठलेल्या संपत्तीचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के, गरजूंचा. शीख लंगरच्या पंगतीत सर्वांनी जमिनीवर एका रांगेत बसायचे असते. तेथे राजाला पाट नाही आणि रंकाला वेगळे ताट नाही. पुण्यातील ससून रुग्णालय डेव्हिड ससून या ज्यू व्यापाऱ्याच्या देणगीतून उभे राहिले. त्यांच्याच नावाने ओळखले जाणारे लाल देऊळ ज्यूंच्या प्रार्थनेसाठी, पण रुग्णालयाच्या खाटा मात्र साऱ्या जिल्ह्यासाठी. २०२० साली करोनाच्या साथीत कॅम्पातील आझम कॅम्पसच्या मशिदीतील एक मजला विलगीकरणासाठी देऊ करण्यात आला होता. ज्या दिवसांत रक्ताचे नातेवाईकही मृतदेहाजवळ जावयास धजत नव्हते, त्या दिवसांत प्रार्थनेची जागा रुग्णांना देऊ करणे हीच मला प्रार्थना वाटते.

येथवर वाचून कोणी म्हणेल, ही सारी मोठ्या माणसांची आणि मोठ्या प्रसंगांची उदाहरणे झाली. साथ आली, पूर आला की माणसे एकत्र येतातच. आक्षेप खरा आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हाही पुणेकरांनी जातपात न पाहता एकमेकांना हात दिला, असे जुनी माणसे सांगतात. पण पुराचे पाणी ओसरते आणि त्याबरोबर ही माणुसकीही ओसरते. म्हणूनच 'रोजचे' हा शब्द महत्त्वाचा. संकटातील उदारपणा हा झऱ्यासारखा असतो. रोजची साधना विहिरीसारखी असावयास हवी.

आणि म्हणूनच मी आता आजच्या कर्वेनगराकडे वळते. मराठवाड्यातून, खानदेशातून, सोलापूर-नगरकडून दरवर्षी मुलेमुली येथे शिकण्यास येतात. खोली शोधणे हा त्यांचा पहिला पाठ. माझ्या वर्गातील एका मैत्रिणीबरोबर मी गेल्या जूनमध्ये चार दिवस खोल्या पाहत हिंडले. भाडे परवडण्याजोगे होते, अनामत रक्कम तिच्या वडिलांनी कशीबशी जमवली होती, अकरा महिन्यांचा करारही तिला मान्य होता. एका घरी तर मालकीणबाईंनी आम्हांला प्रेमाने बसवले, पाणी दिले, खोली दाखवली. देवघरात समई तेवत होती. मग त्यांनी पूर्ण नाव विचारले. मैत्रिणीने नाव सांगितले. ते ऐकून त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, खोली तशी कालच कोणाला तरी कबूल केली आहे बघ." आठ दिवसांनी त्याच इमारतीच्या फाटकावर 'मुलींसाठी खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी तशीच होती.

त्या बाई दुष्ट नव्हत्या, हे मला आवर्जून सांगावयाचे आहे. जिन्यात बसलेल्या पहारेकऱ्याला त्या रोज चहा देतात हे आम्ही तेथेच पाहिले. त्यांची भक्ती खोटी आहे असेही मी म्हणणार नाही. पण त्यांचे अध्यात्म देव्हाऱ्यापासून निघून स्वयंपाकघरापर्यंत आले, जिन्यापर्यंत गेले आणि आडनावापाशी अडखळले. आणि हे फक्त एका धर्माच्या घरांत घडते असेही नाही. 'आमच्याच समाजाची मुले हवीत' असे सांगणारी घरे निरनिराळ्या धर्मांत आहेत, निरनिराळ्या जातींत आहेत. प्रत्येकाची भाषा सौम्य, प्रत्येकाचे कारण व्यवहाराचे. कोणी आहाराचे कारण सांगतो, कोणी सोसायटीच्या नियमाचे, कोणी शेजाऱ्यांचे. कोणाच्या स्वयंपाकघराचे नियम पाळावेत हे ठीक. परंतु मैत्रिणीला नियम सांगण्यातच आले नव्हते. नियम सांगण्यापूर्वीच नाव पुरेसे ठरले.

याचा परिणाम काय झाला? मैत्रीण आता शहराच्या दुसऱ्या टोकाला नातेवाइकांकडे राहते. दोन बस बदलून येते. पहिला तास तिचा अनेकदा चुकतो आणि ग्रंथालय बंद होण्यापूर्वीच तिला निघावे लागते. गावाकडे तिचे वडील म्हणू लागले आहेत की, एवढा त्रास असेल तर परत ये. एका नकाराची किंमत अशी असते. ती नकार देणाऱ्याला दिसत नाही, कारण नकार देणाऱ्याचे दार लागलेले असते. ज्या उपनगराला एका बहिष्कृत माणसाचे नाव आहे, जेथे निराधार मुलींना शिकता यावे म्हणून झोपडी बांधली गेली, तेथे शिकावयास आलेल्या मुलीने नावामुळे परत जावे, याहून मोठा विरोधाभास मला दुसरा दिसत नाही. समाजाचे स्वास्थ्य बिघडते ते दंगलीच्या दिवशीच नव्हे. ते अशा शांत, हसतमुख नकारांनी रोज थोडेथोडे बिघडत असते.

बुद्धिवादी मित्र यावर म्हणतील, 'पाहा, आम्ही म्हणतच होतो! देवघरच काढून टाका.' मला हा उपाय पटत नाही. देवघर नसलेल्या घरांतही आडनाव विचारले जाते. उलट, त्या बाईंच्या समईला काही अर्थ असेल तर तिच्याच आधारे त्यांच्याशी बोलता येईल. 'तुमच्या माउलींच्या वारीत कोणी आडनाव विचारीत नाही, मग दारात का?' हा प्रश्न भक्ताला विचारता येतो. ज्याला कशाचेच काही नाही त्याला तोही विचारता येत नाही. श्रद्धा ही माणसाला आतून बांधणारी गोष्ट आहे आणि म्हणूनच ती त्याला आतून हलवूही शकते. कायदा हवाच, पण मनातले दार कायद्याने उघडत नाही.

मग आपण विद्यार्थ्यांनी काय करावे? दरवर्षी स्नेहसंमेलनात आपण सर्वधर्मसमभावाचा देखावा करतो. चार जण चार धर्मांचे वेश घालून हात धरतात, टाळ्या पडतात, पडदा पडतो आणि आपण घरी जातो. त्याऐवजी काही साधी कामे सुचवाविशी वाटतात. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. आपल्या महाविद्यालयातील तिच्या स्वयंसेवकांनी जूनमध्ये कर्वेनगर आणि वारजे परिसरात घरोघर जाऊन, नाव-आडनाव न विचारता खोली देण्यास तयार असलेल्या घरमालकांची यादी करावी आणि ती सूचनाफलकावर लावावी. पहिल्या वर्षी दहाच नावे मिळतील, मिळू देत. झोपडीनेच सुरुवात होते. दुसरे, महिन्याच्या शेवटी ज्यांच्या मेसचे पैसे संपतात असे विद्यार्थी प्रत्येक वर्गात आहेत. एकादशी, रोजा, लेंट, उपोसथ, पर्युषण असे उपवास आपण आपापल्या परीने करतोच. त्या दिवशी वाचलेल्या जेवणाचे पैसे एका पेटीत टाकावेत आणि ती पेटी कोणाची जात वा धर्म न विचारता रिकामी व्हावी. तिसरे, आपल्या प्राध्यापकांना विनंती की, त्यांच्यापैकी कोणाच्या सोसायटीत असा प्रश्न आला तर त्यांनी सभेत एक वाक्य बोलावे. तुमच्या एका वाक्याला आमच्या शंभर घोषणांपेक्षा अधिक वजन आहे.

हे सारे फार लहान आहे, याची मला कल्पना आहे. पण रोजचे अध्यात्म लहानच असते. वात, तेल, काडी आणि एक मिनिटाची शांतता, एवढीच त्याची सामग्री. त्या दिव्याचा उजेड कोठवर जावा, हे मात्र लावणाऱ्याच्या हाती आहे. तो उंबऱ्याच्या आत ठेवला तर घर उजळेल. दाराबाहेर ठेवला तर वाट चुकलेल्या कोणाला तरी घर सापडेल. अण्णांच्या नावाच्या या वस्तीत राहणाऱ्या आपण सर्वांनी, मग आपण कोणत्याही देवाला हात जोडत असू किंवा कोणालाच जोडत नसू, तो दिवा थोडा दाराकडे सरकवावा, एवढीच नम्र विनंती.